विश्लेषण : कथाप्रधान गेममध्ये ‘मल्टिप्लेअर’ हवे का?

नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून आणलेली कादंबरी आपण एकट्याने वाचतो; कालिदास कलामंदिरात नाटक मात्र शेकडो जणांसोबत पाहतो. गोष्ट दोन्हीकडे असते, अनुभवण्याची रीत वेगळी. या दोन्ही रीती एकाच व्हिडीओ गेममध्ये बसवाव्यात का, यावर खेळाडूंमध्ये वाद आहे. पैसे मोजून गेम विकत घेणाऱ्याच्या खिशाशीही त्याचा संबंध आहे.

कथाप्रधान आरपीजी म्हणजे काय?

रोल-प्लेइंग गेम म्हणजेच ‘आरपीजी’मध्ये खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. कोणाला वाचवायचे, कोणाशी वैर घ्यायचे हे तो ठरवतो आणि कथा त्यानुसार वळते. २०१५ मधील ‘द विचर ३’ हे याचे गाजलेले उदाहरण. तो पूर्णपणे एकट्याने खेळायचा गेम आहे.

मग कंपन्यांना मल्टिप्लेअर का हवे?

कथा संपली की खेळाडू निघून जातो. ऑनलाइन गेममध्ये तो रोज परततो, मित्रांना बोलावतो आणि पात्राचे पोशाख वगैरे विकत घेत राहतो. म्हणजे उत्पन्न सुरू राहते. ‘बीजीएमआय’मुळे आपल्याकडेही रात्री मित्रांसोबत ‘स्क्वॉड’ जमवून खेळण्याची सवय रुजली आहे.

कुठे फसले?

‘मास इफेक्ट ३’ (२०१२) मध्ये मल्टिप्लेअर खेळल्यास कथेतील युद्धाची तयारी वाढत असे. एकट्याने खेळणाऱ्यांना सर्वांत चांगला शेवट गाठणे त्यामुळे फार अवघड झाले. खेळाडूंनी नाराजी व्यक्त केल्यानंतर कंपनीने अट सैल केली. २०२१ च्या नव्या आवृत्तीत तर मल्टिप्लेअर वगळलेच. ‘फॉलआउट ७६’ (२०१८) मध्ये खेळाडूच एकमेकांच्या गोष्टी घडवतील, या भरवशावर बोलणारी मानवी पात्रेच ठेवली नव्हती. जग ओसाड वाटू लागले आणि २०२० मध्ये ती पात्रे आणावी लागली. ‘अँथम’ २०१९ मध्ये आला, पण त्याचे सर्व्हर १२ जानेवारी २०२६ रोजी बंद झाले. इंटरनेटशिवाय तो चालतच नसल्याने विकत घेतलेला गेम आज एकट्यानेही खेळता येत नाही.

कुठे जमले?

‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) एकट्याने पूर्ण खेळता येतो किंवा चौघांपर्यंत मित्र मिळून खेळू शकतात. त्याचे मूळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळात आहे. तिथे चार मित्र मिळून गोष्ट रचतात, म्हणून सोबत खेळणे उपरे वाटत नाही. लढाईही आळीपाळीने होते, त्यामुळे विचार करायला वेळ मिळतो. अडचण एकच: संवादात एक जण उत्तर निवडतो आणि परिणाम सर्वांना भोगावे लागतात.

महाराष्ट्रात काय चित्र आहे?

पुण्यातील दोन स्टुडिओंनी दोन वाटा निवडल्या. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी’ (२०२०) हा हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची गोष्ट सांगतो. तो आरपीजी नसून ॲक्शन-ॲडव्हेंचर आहे. पण कथाप्रधान आणि एकट्याने खेळायचा. २०१७ मध्ये त्यासाठीची लोकवर्गणी मोहीम उद्दिष्ट गाठू शकली नव्हती. तरीही २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. तिथे जिंकला ‘फॅस्मोफोबिया’, हा मित्रांसोबत खेळायचा गेम. दुसरीकडे ‘सुपरगेमिंग’ने ‘इंडस’ (२०२४) हा ऑनलाइन बॅटल रॉयल आणला. तिथे सर्व्हर कायम चालू ठेवणे, फसवेगिरी रोखणे आणि पुरेसे खेळाडू टिकवणे हे रोजचे काम. मोजक्या लोकांच्या स्टुडिओला कथेसोबत हा भार पेलवणे कठीण. तो पेलायचा, तर पैसा आणि माणसे कथेच्याच वाट्यातून जातात.

मग उत्तर काय?

सोबत खेळण्याची सोय असायला हरकत नाही, सक्ती नको. त्यासाठी तीन कसोट्या लावता येतील. एकट्याने खेळून कथेचा प्रत्येक शेवट गाठता यावा. गेम इंटरनेटशिवाय चालावा. आणि मल्टिप्लेअरची आखणी सुरुवातीपासूनच झालेली असावी, शेवटी ठिगळ लावलेली नसावी. गेम घेण्यापूर्वी दुकानाच्या पानावर ‘सिंगल प्लेअर’ लिहिले आहे का, एवढेच पाहू नका. इंटरनेट जोडणी सतत लागते का, तेही वाचा. वाचून झालेले पुस्तक कपाटात राहते. पैसे देऊन घेतलेली गोष्टही कंपनीच्या सर्व्हरसोबत नाहीशी होऊ नये.