प्रेझेंटेशन पाठ करायचं की नाही?

पीएचडीच्या प्रवेशाची मुलाखत असो, की सहा महिन्यांनी सल्लागार समितीसमोर द्यायचा प्रगती अहवाल, तुम्हाला बोलायला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं मिळतात. मग आपण काय करतो? सगळं भाषण लिहून काढतो आणि शब्दन् शब्द घोकतो. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेपासूनची सवय आहे ती. मराठी माध्यमातून आलेल्यांना तर इंग्रजीची धास्ती असते, त्यामुळे पाठांतराचा आधार जास्तच लागतो.

अडचण कुठे येते? तिसऱ्या स्लाइडवर समितीतले एखादे सर थांबवतात: ‘नमुना एवढाच का घेतला?’ तुम्ही उत्तर देता, नीट देता. पण नंतर पुढचं वाक्यच सापडत नाही.

असं का होतं?

शब्दशः पाठ केलेलं भाषण साखळीसारखं असतं. प्रत्येक वाक्य पुढच्या वाक्याची आठवण करून देतं. मधली एक कडी निसटली की पुढचं हाताला लागत नाही, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. लहानपणी पाढे म्हणताना कुणी मध्येच टोकलं की काय व्हायचं, आठवतंय ना?

आपल्याकडच्या वेदपाठी परंपरेने यावर खूप विचार केलेला दिसतो. क्रमपाठात पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा अशा शब्दांच्या जोड्या म्हणतात. जटापाठ आणि घनपाठात तेच शब्द उलटसुलट क्रमाने फिरवले जातात. त्यामुळे प्रत्येक शब्द शेजारच्या शब्दांशी अनेक बाजूंनी बांधला जातो. पण एवढे कष्ट कशासाठी? तिथे एक अक्षरही बदलून चालत नाही म्हणून. तुमच्या प्रेझेंटेशनचं तसं नाही. तिथे शब्द बदलले तरी चालतं, युक्तिवाद मात्र बदलता कामा नये.

वाचणं आणि आठवणं

2006 साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने सुरुवातीलाच काय ते वाचलं आणि मग तीन वेळा, उतारा समोर न ठेवता, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता: 83 टक्के विरुद्ध 71 टक्के. आठवड्याने मात्र चित्र उलटं झालं. वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. गंमत म्हणजे, ‘आपल्याला चांगलं लक्षात राहील’ असा विश्वास वाचणाऱ्या गटालाच जास्त होता.

यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. एक, पुन्हा पुन्हा वाचल्यावर ‘आता येतंय मला’ असं जे वाटतं, त्यावर फार विसंबू नका. दोन, या प्रयोगात गुण शब्दशः आठवण्याला नव्हते, उताऱ्यातले मुद्दे आठवण्याला होते. तुम्हालाही तेच हवंय.

मग काय पाठ करायचं?

थोडंच, पण पक्कं:
– पहिली दोन वाक्यं. सुरुवातीला घाबरायला होतं, तेव्हा तोंडात तयार वाक्य हवं.
– तुमचा संशोधन प्रश्न, अगदी शब्दशः. तो दर वेळी वेगळा सांगितलात तर समितीला वाटेल, प्रश्न अजून ठरलेलाच नाही.
– एका स्लाइडवरून दुसरीवर नेणारं वाक्य. अडखळायला बहुतेकदा इथेच होतं.
– महत्त्वाचे आकडे आणि शेवटचं वाक्य.

बाकीचं समजून घ्यायचं आणि बोलून बघायचं.

तयारी अशी करा

आठवडाभर आधी सगळं भाषण एकदा लिहा. त्यातून युक्तिवादातल्या फटी दिसतात. मग तो कागद बाजूला ठेवा आणि प्रत्येक स्लाइडसाठी एकच प्रश्न लिहा: ‘ही पद्धत का निवडली?’, ‘यातून काय दिसलं?’ लॅपटॉप बंद करून, उभं राहून, मोठ्याने उत्तरं द्या. आधी मराठीत. मराठीत अडलात, तर अडचण इंग्रजीची नाही, मुद्दाच अजून उलगडलेला नाही. मराठीत जमलं की छोट्या-छोट्या इंग्रजी वाक्यांत सांगा.

दोन-तीन दिवसांनी क्रम मोडा. पाचव्या स्लाइडपासून सुरू करा, मग दुसरीवर या. मैत्रिणीला किंवा रूममेटला समोर बसवा आणि मध्येच तोडायला सांगा. उत्तर देऊन पुन्हा मूळ मुद्द्यावर येण्याचा सराव वेगळा करावाच लागतो. घड्याळ लावा. वेळ जास्त होत असेल तर भराभर बोलू नका, एक स्लाइड काढून टाका.

त्या दिवशी सकाळी कागदावरून एकदा नजर फिरवायला हरकत नाही. पाच मिनिटांपुरता वाचनाचा फायदा होतोच, हे वर पाहिलंच आपण. फक्त तेवढ्यावर भागवू नका.

आणि मध्येच विचारलेल्या प्रश्नाला व्यत्यय समजू नका. तुम्ही केलेलं काम तुम्हाला कळलंय का, हे समितीला त्याच प्रश्नातून पाहायचं असतं.