महालक्ष्म्यांसाठी तारेचे पदक

भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर मराठवाड्यातील घराघरांत ज्येष्ठा-कनिष्ठा महालक्ष्म्यांचे आवाहन होते. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, असा हा तीन दिवसांचा माहेरवास. मुखवटे उजळले, साड्या नेसवून झाल्या, की गृहिणीच्या मनात एकच विचार उरतो : देवींच्या गळ्यात काय घालावे? छत्रपती संभाजीनगरच्या सराफ्यातील आणि गुलमंडीवरील सणाच्या गर्दीत हाच विचार घेऊन आलेल्या कितीतरी भगिनी असतात. सोन्याचा भाव सामान्य संसाराला पेलवत नाही आणि साच्यातून निघालेला दागिना देवीला वाहताना मन समाधान पावत नाही. अशा घरांना एक मार्ग सहज मोकळा आहे. तो म्हणजे स्वहस्ते तारेचे पदक गुंफण्याचा.

तारेची ही कला आपल्याला परकी नाही. मराठी स्त्रीची नथ हेच तिचे उत्तम उदाहरण होय. मोत्याला आच सोसत नाही. त्यामुळे त्याच्याजवळ झाळकाम करता येत नाही. म्हणून कारागीर बारीक तारेत मोती ओवतो आणि पीळ देऊन त्यांना जागच्या जागी बांधतो. ही तार काढण्याचे साधन म्हणजे जंत्री, क्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांची पोलादी पट्टी. छिद्राछिद्रातून ओढताना धातू ताठरतो. त्याला मधूनमधून तापवून मऊ करावे लागते. सोने इतके तन्य, की अवघ्या १ ग्रॅमची सुमारे २ किलोमीटर तार निघू शकते. आपल्या जिल्ह्यातील पैठणची कीर्ती जिच्यामुळे दूरवर गेली, त्या पैठणीची पारंपरिक जर म्हणजे तरी काय? रेशमी धाग्याभोवती गुंडाळलेली धातूची चपटी तारच ती!

अलंकार घडविणे हीदेखील उपासना होऊ शकते, हे पंढरपूरच्या संत नरहरी सोनारांच्या कथेतून आपण जाणतो. विठ्ठलाच्या कमरेचा करदोटा त्यांनी घडविला, परंतु तो मापात बसेना. शिवावाचून अन्य देवाचे मुख पाहायचे नाही, या निश्चयाने ते डोळे बांधून मंदिरात गेले. माप घेताना हातांना शंकराची चिन्हे जाणवली, डोळे उघडताच समोर विठ्ठल दिसला. हरिहर एकच आहेत, हे ज्ञान त्यांना आपल्या कारागिरीच्या हातांतून लाभले.

महालक्ष्म्यांच्या पूजेत सोळा पदरांचा, सोळा गाठींचा, हळदीने रंगविलेला दोरा असतो. तोच अंक मनात धरून सोळा मण्यांचे पदक योजावे. प्रथम कागदावर ते खऱ्या आकारात रेखाटावे. मग १ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार जुन्या लाटण्याभोवती वळवून सुमारे ४ सेंटीमीटर व्यासाचे कडे करावे. एका टोकाची वर कडी करावी आणि दुसरे टोक तिच्या बुडाशी दोन-तीन वेढे देऊन आवळावे. तांबे चिंचेने उजळून, धुऊन, कोरडे करावे. हे काम मणी ओवण्यापूर्वीच उरकावे, कारण आंबटाने मोत्याची झळाळी जाते. आता ०.४ मिलिमीटरची सुमारे ७५ सेंटीमीटर तार घ्यावी. कड्यावर चार वेढे देऊन ५ मिलिमीटरचा एक मणी ओवावा, तो कड्याच्या बाहेरच्या अंगाला बसवावा आणि पुन्हा तीन वेढे द्यावेत. असे सोळा वेळा करावे. मध्यभागी आडव्या तारेवर एक पोवळे शोभून दिसते. तार एकाच जागी पुनःपुन्हा वाकवू नये. ती ताठरून तुटते. शेवटचे टोक चिमट्याने आत दाबावे, नाहीतर देवीच्या साडीची जर त्यात अडकते.

या कामाला एक दुपार पुरते. घरातील मुलीला जवळ बसवून काही मणी तिच्याकडून गुंफून घ्यावेत. विसर्जनानंतर पदक कोरड्या सुती कापडात गुंडाळून मुखवट्यांसोबत ठेवावे. पुढील वर्षी पेटी उघडेल तेव्हा तोलून पाहावे असे सोने त्यात नसेल. पण मायलेकींच्या हातांनी एकेक करून बांधलेले सोळा मणी असतील. देवीला भार नको, भाव हवा, ही आपल्या घरांची जुनीच श्रद्धा आहे.