उदोनाच्या शेवया व मोडके इंग्रजी

जपानच्या शिकोकू बेटावरील कागावा प्रांत त्या देशाच्या ४७ प्रांतांत क्षेत्रफळाने सर्वांत लहान होय. तेथे आम्ही काही दिवस मुक्काम केला. तेथील अन्नाचा व पिकाचा संबंध शेतकरी बंधूंनी ध्यानात घेण्याजोगा वाटला, म्हणून तो येथे सांगत आहो.

या प्रांती पाऊस वर्षास सुमारे ११५० मिलिमीटर, म्हणजे जपानच्या मानाने बेताचाच. नद्या आखूड, पाणी लगेच समुद्रास मिळते. सबब लोकांनी पूर्वापार हजारो तळी बांधली. पैकी मान्नो तळ्याची दुरुस्ती कूकाई नामक बौद्ध भिक्षूने इ. स. ८२१ मध्ये केली. ते आजही शेतीस पाणी देते. भात निघाल्यावर हिवाळ्यात गहू, हा तेथील जुना क्रम. या गव्हाच्या जाड शेवयांस ‘उदोन’ म्हणतात. त्यांत पीठ, मीठ व पाणी यांखेरीज काही नसते. कणीक इतकी घट्ट की ती चटईखाली घालून पायांनी तुडविण्याची चाल आहे. मग ती मुरवून, लाटून सुरीने कापतात.

आमचे इंग्रजी मराठी शाळेपुरतेच. दुकानदाराचेही त्याच तोलाचे. जपानी मनुष्य इंग्रजी शब्दास जागोजाग स्वर जोडतो. मिल्कचे ‘मिरुकु’ होते, हॉटचे ‘होत्तो’. आपण स्टेशनास इस्टेशन म्हणतो, तशातलाच हा प्रकार. त्यामुळे लांबलचक वाक्यापेक्षा सावकाश उच्चारलेला सुटा शब्द अधिक कामास येतो. ‘होत्तो’ म्हणून एक बोट दाखविले की वाडगा पुढे येई. बहुतेक दुकानांत तबक आपणच घ्यावे, पैसे देऊन बसावे व रिकामा वाडगा आपणच परत ठेवावा, अशी रीत आहे. भुरके मारून खाणे तेथे असभ्य नव्हे. मात्र रश्शात बहुधा सुक्या माशांचा अर्क असतो. शाकाहारी मनुष्याने केवळ ‘नो फिश’ म्हणून भागत नाही. रस्सा नको असेच सांगावे.

महसुली दप्तरात पीकपाहणीचे कागद हाताळल्याची सवय असल्याने आम्ही विचारले, ‘ह्वीट, जपान?’ दुकानदाराने मान हलवून म्हटले, ‘ऑस्ट्रेलिया.’ पुढे चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला. १९६३ साली कापणीच्या सुमारास लागलेल्या पावसाने जपानचा गहू बुडाला आणि पुढे लागवडही घटत गेली. ऑस्ट्रेलियाच्या, विशेषतः तिच्या पश्चिम भागातील शेतकऱ्यांनी या शेवयांस लागतो तसा पांढरा, मऊ गहू पुरविला व गिऱ्हाईक धरून ठेवले. अखेर कागावाच्या सरकारी शेतकी केंद्राने ‘सानुकी नो युमे २०००’ हा उदोनाकरिताच वाण काढला व मागाहून त्याची सुधारलेली जात दिली. सानुकी हे प्रांताचे जुने नाव. वाणाच्या नावाचा अर्थ ‘सानुकीचे स्वप्न’. तरीही आज बहुतेक वाडग्यांतील गहू परदेशीच असतो.

एक पीक बुडाले व गिऱ्हाईक दुसरीकडे वळले, तर आपला वाण पुन्हा उभा करण्यास इतकी वर्षे लागतात. आपल्याकडे शेवयांस व कुरडयांस खपली व बन्सी गहू नावाजलेले आहेत. ज्या बंधूंपाशी त्यांचे चांगले बी अजून आहे, त्यांनी ते निदान चार गुंठ्यांत तरी दरसाल पेरावे. तसेच आपल्या गावच्या शेवया करणाऱ्या बायांस कोणता गहू हवा, हे पेरणीपूर्वी विचारून घ्यावे.