रायफलीचा नवा दस्ता निवडताना

शिकारी रायफलीची चर्चा सुरू झाली की नळीचे आणि काडतुसाचे गुणवर्णन भरपूर होते. परंतु ज्या देहात ते पोलाद बसविलेले असते, जो खांद्याला टेकतो, गालाला लागतो आणि नळीच्या सूक्ष्म कंपनांवरही आपला प्रभाव टाकतो, त्या दस्त्याकडे बहुतेकांचे लक्ष जाते ते तो तडकल्यावर, पावसाने फुगल्यावर किंवा कारण न कळता नेम भरकटू लागल्यावरच. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय मिटविला. अमेरिकेत मात्र हरणांची शिकार परवाना, हंगाम आणि संख्येची मर्यादा यांच्या बंदोबस्तात आजही चालते आणि जुना दस्ता उतरवून नवा चढविणे हा तेथील असंख्य शिकाऱ्यांचा घरच्या घरी चालणारा उद्योग आहे. १९६२ साली बाजारात आलेली ‘रेमिंग्टन ७००’ ही रायफल या उद्योगाचे उत्तम उदाहरण ठरावे, कारण तिच्यासाठी तयार दस्ते जितके मिळतात तितके क्वचितच दुसऱ्या रायफलीसाठी मिळत असतील.

दस्ता निवडणे म्हणजे दोन सांधे जुळविणे होय: पहिला पोलाद आणि दस्ता यांचा, दुसरा दस्ता आणि माणूस यांचा. द्रव्य, रंग आणि घडण यांचा विचार या दोहोंनंतर यावा, असे माझे ठाम मत आहे. परंतु ग्राहक प्रथम द्रव्याविषयीच विचारतो, म्हणून आरंभ तेथूनच करू.

परंपरेने दस्ता अक्रोडाचा. काश्मिरी कोरीव कामामुळे जे लाकूड आपल्या परिचयाचे आहे, त्याच जातीचा वृक्ष पाश्चात्त्य कारागीर ‘इंग्रजी अक्रोड’ या नावाने शतकानुशतके वापरीत आले. अमेरिकेतील काळा अक्रोड हा त्याचा सगोत्र. हे लाकूड चिवट आहे, त्यावर बारीक काम सुबक उठते आणि जवसाच्या तेलाचे हात वारंवार दिल्यावर त्याला जी सखोल झळाळी येते, तिची सर कोणत्याही कृत्रिम द्रव्याला नाही. दोष एकच: ते ओलाव्याबरोबर हलते. ओला काळा अक्रोड पूर्ण सुकेपर्यंत वाढीच्या वलयांच्या दिशेने सुमारे ७.८ टक्के आणि वलयांना काटकोनात सुमारे ५.५ टक्के आक्रसतो, लांबीत मात्र अर्धा टक्कादेखील नाही. मुरलेल्या लाकडाची हालचाल पुष्कळच कमी असली तरी ती थांबत नाही. दस्त्याचा पुढला भाग पावसात किंचित वाकून नळीला टेकला, की नेमबाजीच्या मैदानावर काटेकोर जुळविलेला नेम रानात ढळतो. म्हणून लाकडी दस्ता घेताना मुठीजवळच्या बारीक भागातून रेषा आडव्या न जाता लांबीच्या दिशेने वाहत आहेत की नाही, हे प्रथम पाहावे, कारण तडा बहुधा तेथेच जातो. आणि आतल्या, डोळ्याआड राहणाऱ्या पृष्ठांनाही तेलाचा वा लाखेचा लेप आहे याची खातरजमा करावी.

या दोषाचा मोठा धडा व्हिएतनामच्या दमट अरण्यात मिळाला. अमेरिकन मरीन दलाने १९६६ मध्ये रेमिंग्टन ७०० वर आधारलेली ‘एम-४०’ ही रायफल नेमबाजांच्या हाती दिली. तिचे अक्रोडाचे दस्ते तेथील हवेत फुगून वाकले, आणि पुढच्या दशकात ‘एम-४०ए१’ या सुधारित रूपात त्यांची जागा मॅकमिलन कंपनीच्या काचतंतूंच्या दस्त्यांनी घेतली. काचतंतूंचे थर राळेत बसवून हाताने घडविलेला असा दस्ता कणखर आणि ओलाव्याला निर्विकार असतो, पण महागही. साच्यात ओतलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या दस्त्याला पाण्याचे भय नसले तरी त्याचा पुढला भाग हाताने दाबला असता लवचिकपणे वाकतो, आणि टेकूवर ठेवून बार काढताना हीच लवचिकता घातक ठरते. लाकडाचे पातळ पापुद्रे राळेने एकत्र दाबून केलेला दस्ता हा मधला मार्ग. तो स्थिर असतो, मात्र जड.

आता पहिला सांधा. बार होताच रायफल मागे रेटली जाते, आणि तो सारा जोर रेमिंग्टनमध्ये नळी व यंत्रभाग यांच्यामध्ये धरलेली एक जाड पोलादी पट्टी दस्त्यातील खाचेवर सोपविते. ती पट्टी खाचेत सैल असली, तर प्रत्येक बाराला पोलाद केसाएवढे सरकते आणि गोळ्यांचा पुंजका पसरतो. म्हणूनच निपुण कारागीर त्या खाचेत चिकट राळ भरून, पोलादाला सुटका देणारे द्रव्य लावून, त्याचाच हुबेहूब ठसा घेतात. स्क्रू आवळताना लाकूड चेपू नये यासाठी त्यांच्याभोवती ॲल्युमिनियमच्या नळकांड्या बसवितात. आणि नळी दस्त्याला कोठेही न टेकता मोकळी राहते की नाही, हे मधून कागदाची पट्टी ओढून पाहतात. खरेदीपूर्वीच यंत्रभाग आखूड की लांब, गोळ्यांची पेटी खालून उघडणारी की बंद, नळी किती जाड आणि बोल्ट उजव्या हाताचा की डाव्या, हे पडताळावे. यांतील एक चूक झाली तरी सुंदर दस्ता निरुपयोगी होतो.

दुसरा सांधा व्यक्तिगणिक वेगळा. दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतचे अंतर कारखान्यात बहुधा साडेतेरा इंचांच्या आसपास ठेवलेले असते. बुटक्या माणसाला, तसेच कडाक्याच्या थंडीत जाड कोट चढविणाऱ्यालाही, ते थोडे कमी हवे. गाल टेकण्याच्या कडेची उंची याहून महत्त्वाची: उघड्या माशीच्या काळातील दस्त्यांचा उतार दुर्बिणीच्या रायफलीला खोल पडतो, मान वर करून पाहावे लागते आणि गाल अधांतरी राहतो. डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, मग उघडावे. दृष्टी दुर्बिणीच्या मध्यावर आपोआप आली, तर दस्ता आपला.

हलकेपणाचा मोह मात्र जपून धरावा. तेच काडतूस आठ पौंडांऐवजी सहा पौंडांच्या रायफलीतून उडविले, तर धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते, आणि धक्क्याला बिचकणारा हात जनावराला घायाळ करून सोडतो. डोंगर चढणाऱ्याला हलका दस्ता हवासा वाटणे स्वाभाविक आहे. तरी खांद्याशी मऊ रबराची गादी असल्याखेरीज तो घेऊ नये. माझा कौल कोरड्या मुलखासाठी अक्रोडाला, पावसाच्या मुलखासाठी काचतंतूला.

दस्ता बदलला की पूर्वीचा नेम रद्द समजावा. स्क्रू दस्ता बनविणाऱ्याने सांगितलेल्या मापाने, शक्यतो ताण मोजणाऱ्या पान्याने आवळावेत, काही बार झाल्यावर ते पुन्हा तपासावेत, आणि नळी पूर्ण थंड असताना पहिली गोळी कोठे लागते याची नोंद निरनिराळ्या दिवशी घ्यावी, कारण रानात संधी मिळते ती बहुधा त्या पहिल्या गोळीचीच.