बार्शी लाइटची मिरजेकडची स्टेशनं

मिरजेहून पूर्वेला निघालं की कृष्णाकाठचा ऊस मागं पडतो आणि कवठे महांकाळ, जत हे पर्जन्यछायेतले कोरडे तालुके लागतात. या माळावर १९२७ साली रेल्वे आली ती बार्शी लाइटची. दोन रुळांत अंतर जेमतेम अडीच फूट. आरग, सलगरे, ढालगाव, जत रोड ही स्टेशनं तिची. नावं आजच्या ब्रॉडगेजवर टिकून आहेत. ज्या रुळांसाठी ती स्टेशनं झाली, ते मात्र उखडले गेले.

ही गाडी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरच्या डोक्यातली. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी हा २१ मैलांचा पहिला टप्पा सुरू झाला. इंजिन असो की मालडबा, एका आसावर ५ टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा नेम. मग यार्डाला ३० पौंडांचे हलके रूळ पुरतात आणि बेताच्या उत्पन्नाच्या मुलखातही रेल्वे परवडते. बड्या कंपन्यांनी ज्या माळाकडे ढुंकून पाहिलं नसतं, तिथं गाडी पोचली ती या काटकसरीमुळे. पंढरपूर, लातूर आणि शेवटी मिरज धरून लाइन २०२ मैलांची झाली. (हाच गृहस्थ पुढं वैमानिकांसाठी पॅराशूट बनवायच्या मागं लागला. वजन पेलण्याचं कोडं काही त्याला सोडेना.)

काटकसर वाटेत झाली, तिची किंमत टोकांना मोजावी लागली. पुण्याकडून ब्रॉडगेज आल्यावर मिरज जंक्शनात ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही गेज नांदू लागले. रेल्वेच्या हौशी लोकांना त्याचं केवढं कौतुक! हमालाच्या लेखी मात्र तीन गेज म्हणजे तेच पोतं पुन्हा पाठीवर. ट्रक शेताच्या बांधावर भरून थेट पेठेत रिकामा होऊ लागला, तेव्हा या उतरवा-चढवीला कोण विचारणार? माणसांची वाण कधीच नव्हती. आषाढीला डबे खचाखच भरत, टपावरही वारकरी बसत. पण वारीच्या गर्दीवर बारमाही लाइन चालत नाही. १९५४ साली सरकारनं कंपनी विकत घेतली, तरी गेज बदलायला अर्धं शतक गेलं, आणि मिरज–पंढरपूर हा तुकडा सगळ्यात शेवटी राहिला.

छोट्या गाडीच्या आठवणी काढून हळहळणारे पुष्कळ भेटतात. त्यांना एप्रिल २०१६ ची आठवण द्यावीशी वाटते. लातूर तहानलं होतं आणि मिरजेहून पाण्याची पहिली गाडी पंढरपूर, कुर्डुवाडीमार्गे याच वाटेनं गेली: १० वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. म्हणजे एका वाघिणीत नुसतं पाणीच ५० टन. कॅलथ्रॉपच्या नेमानं चार आसांचा डबा मालासकट २० टनांच्या पुढं जाऊच शकत नव्हता.