द एल्डर स्क्रोल्स मालिकेतील संघकथा

'द एल्डर स्क्रोल्स' ही अमेरिकेतील बेथेस्डा या कंपनीने विकसित केलेली भूमिकाप्रधान व्हिडिओ गेमची मालिका आहे. टॅमरिएल नावाच्या काल्पनिक खंडात घडणाऱ्या या खेळांमध्ये मुख्य कथानकाच्या जोडीला योद्धे, जादूगार, चोर, मारेकरी इत्यादींच्या संघांची स्वतंत्र कथानके असतात. खेळाडूने संघात प्रवेश करावा, सोपवलेल्या कामगिऱ्या पार पाडाव्यात, पायरीपायरीने वर चढावे आणि शेवटी संघप्रमुख व्हावे, असा या कथांचा सर्वसाधारण साचा आहे. मुख्य कथानक बाजूला ठेवून केवळ संघकथांसाठी हे खेळ खेळणारे खेळाडूही पुष्कळ आढळतात. प्रस्तुत लेखात मुख्यतः 'मोरोविंड' (२००२), 'ऑब्लिव्हियन' (२००६) आणि 'स्कायरिम' (२०११) या तीन खेळांतील संघकथांची तुलना केली आहे.

संज्ञा

खेळांत वापरला जाणारा 'गिल्ड' हा शब्द मध्ययुगीन युरोपातील कारागीर व व्यापारी यांच्या संघटनांवरून आलेला आहे. त्यासाठी मराठीत 'श्रेणी' हा जुना प्रतिशब्द उपलब्ध आहे. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे अनुक्रमे २००० व १००० कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेवल्याचा उल्लेख आहे. मात्र आजच्या वाचकाच्या मनात 'श्रेणी' म्हटले की परीक्षेतील श्रेणीच उभी राहते. म्हणून या लेखात 'संघ' हा शब्द योजला आहे. विशेषनामाचा भाग असेल तेथे 'गिल्ड' तसाच ठेवला आहे. 'फॅक्शन' ही संज्ञा अधिक व्यापक असून तीत राजघराणी, सैन्ये, धर्मसंस्था आणि बंडखोर गटही येतात.

पूर्वपीठिका

मालिकेतील दुसरा खेळ 'डॅगरफॉल' (१९९६) याच्यात फायटर्स गिल्ड, मेजेस गिल्ड, थीव्ज गिल्ड, डार्क ब्रदरहूड, देवालये व सरदारांची पथके अशा अनेक संस्थांत प्रवेश घेता येत असे. परंतु तेथील बहुतेक कामगिऱ्या ठरावीक साच्यांतून संगणकाने जुळवलेल्या होत्या. गाव आणि माणसाचे नाव बदले. काम तेच राही. सदस्यत्व, पद आणि प्रतिष्ठा यांची चौकट मात्र याच खेळात पक्की झाली. चोरांच्या व मारेकऱ्यांच्या संघांत स्वतःहून अर्ज करता येत नसे. खेळाडूची कृत्ये पाहून संघच त्याला गुप्त पत्र धाडी. ही कल्पना पुढे वेगवेगळ्या रूपांत टिकून राहिली.

मोरोविंड: पात्रता आणि परस्परविरोध

'मोरोविंड'मधील संघांचे पहिले वैशिष्ट्य असे की, तेथे पद केवळ कामगिरीने मिळत नाही. प्रत्येक संघाची दोन गुणवैशिष्ट्ये आणि सहा कौशल्ये ठरलेली असतात आणि त्यांत आवश्यक तेवढी प्रगती झाल्याशिवाय बढती दिली जात नाही. मंत्रविद्या न शिकलेला मनुष्य मेजेस गिल्डमध्ये फार वर जाऊ शकत नाही. पदांच्या पायऱ्या दहा आहेत, आणि त्या चढताना खेळाडूला एका गावाहून दुसऱ्या गावी, एका वरिष्ठाकडून दुसऱ्या वरिष्ठाकडे जावे लागते. प्रत्येक ठाण्याचा कारभार वेगळा आणि प्रत्येक वरिष्ठाचा स्वभावही वेगळा. बाल्मोरा येथील मेजेस गिल्डमध्ये पहिली कामे अजिरा ही विद्यार्थिनी देते. आधी चार प्रकारच्या अळिंब्या आणून द्यावयाच्या, मग प्रतिस्पर्धी गॅल्बेडिरच्या मेजात खोटा आत्ममणी ठेवून यावयाचे. दोघींत पैज लागलेली असते. जगाचा उद्धार करण्यासाठी आलेल्या नायकाला अशी पोरकट कामे करावी लागतात, आणि त्यामुळेच ते ठाणे खरोखर नांदते वाटते.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे संघांचे एकमेकांत गुंतलेले हितसंबंध. याचे उत्तम उदाहरण फायटर्स गिल्डमध्ये सापडते. बाल्मोरा ठाण्याची प्रमुख एडिस फायर-आय सुरुवातीच्याच कामांपैकी एक म्हणून खेळाडूला सॉटिल्डे नावाच्या स्त्रीकडून एक सांकेतिक वही आणावयास सांगते. काम साधे दिसते. परंतु सॉटिल्डे चोरांच्या संघातली असते, वही त्या संघाची असते, आणि ती हवी असते कामोना टाँग या गुन्हेगारी टोळीला. फायटर्स गिल्डचा प्रमुख स्योरिंग हार्ड-हार्ट याच टोळीच्या मुठीत आहे, हे पुढे उघड होते. अखेरीस तो चोरांच्या संघाच्या म्होरक्यांना ठार मारण्याची आज्ञा देतो. आज्ञा पाळली की पद मिळते. मात्र एल्ड-रून ठाण्याचा प्रमुख पर्सियस मर्सियस याच्याशी बोलण्याची तसदी घेतल्यास दुसरी वाट दिसते: भ्रष्ट वरिष्ठांनाच दूर करून संघ स्वच्छ करणे. हीच लढाई चोरांच्या बाजूनेही लढता येते. त्यांचा प्रमुख जिम स्टेसी हा एडिसला मारण्याऐवजी तिला हवा असलेला 'बिटर कप' नावाचा पेला देऊन फोडण्याचा उपाय सुचवतो. एकाच संघर्षाच्या दोन बाजू दोन संघांच्या कथांतून पाहावयास मिळतात, आणि खेळ कोणतीही बाजू खेळाडूच्या गळी उतरवत नाही.

मेजेस गिल्डचा प्रमुख ट्रेबोनियस आर्टोरियस हा अकार्यक्षम अधिकाऱ्याचा नमुना आहे. ड्वेमर ही संपूर्ण जात नाहीशी कशी झाली, याचा शोध लावण्याचा हुकूम तो एखाद्या किरकोळ कामासारखा सोडतो. दुसऱ्या एका हुकमाने टेलव्हॅनी घराण्याच्या सर्व मंत्र्यांना ठार मारावयास सांगतो. खेळाडू स्वतः टेलव्हॅनी घराण्याचा सदस्य असल्यास तो पेचात सापडतो. ह्लालू, रेडोरान व टेलव्हॅनी या तीन घराण्यांपैकी एकाचीच निवड करता येते. एकाची निवड म्हणजे इतर दोघांच्या कथांना मुकणे होय. मारेकऱ्यांचा मोराग टाँग हा संघ या प्रदेशात कायदेशीर आहे. हत्येनंतर त्याचे आज्ञापत्र रक्षकाला दाखवले की गुन्हा माफ होतो. तेथील समाजव्यवस्थेचे इतके बोलके वर्णन खेळातील लांबलचक ग्रंथांतही सापडत नाही.

या रचनेचे दोषही नमूद केले पाहिजेत. कामगिऱ्या पुष्कळशा निरोप पोहोचवणे, वसुली करणे व वस्तू आणणे अशा आहेत. संवाद लिखित आणि बरेचदा कोरडे आहेत. वर वर्णन केलेले कारस्थान खेळाडूच्या ध्यानातच न येता तो संघप्रमुख होऊन बसणे सहज शक्य आहे.

ऑब्लिव्हियन: कथेचा उत्कर्ष

'ऑब्लिव्हियन'मध्ये कौशल्याची अट काढून टाकण्यात आली. पद आता कथेतील प्रगतीबरोबर मिळू लागले. चोरांच्या संघात तेवढा एक अपवाद राहिला: पुढील कामगिरी मिळण्यापूर्वी ठरावीक रकमेचा चोरीचा माल संघाच्या दलालाला विकावा लागतो. म्हणजे चोराने दोन कामांच्या मधल्या काळात खरोखर चोऱ्या केलेल्या असाव्यात, अशी अपेक्षा आहे. मेजेस गिल्डमध्ये पात्रतेच्या जागी शिफारसपत्रे आली. सात नगरांतील सात ठाण्यांचे समाधान केल्यावरच आर्केन विद्यापीठाचे दार उघडते.

पात्रतेत जे गेले ते कथनात मिळाले. फायटर्स गिल्डची कथा येथेही एका प्रतिस्पर्ध्याभोवती फिरते. ब्लॅकवुड कंपनी नावाची भाडोत्री सैनिकांची नवी पेढी कमी दरात, कसलाही विधिनिषेध न बाळगता कामे घेते आणि जुन्या संघाची गिऱ्हाइके तोडते. संघप्रमुख व्हिलेना डॉन्टन पुत्रशोकाने खचलेली असते. तिचा साहाय्यक मॉड्रिन ओरेन पदावरून दूर केला जातो, तरी तो खेळाडूला गुप्तपणे ब्लॅकवुड कंपनीत भरती व्हावयास सांगतो. तेथे नव्या सदस्यांना 'हिस्ट' वृक्षाचा रस पाजला जातो. तो पिऊन खेळाडू वॉटर्स एज या वस्तीवर चालून जातो, समोर दिसणाऱ्या गॉब्लिनांचा फडशा पाडतो आणि ओरेनच्या घरी शुद्धीवर येतो. वस्तीत परत गेल्यावर त्याला कळते की गॉब्लिन तेथे नव्हतेच. मारले गेले ते गावकरी होते. खेळ हे आधी सांगत नाही आणि टाळण्याची संधीही देत नाही. खेळाडूने स्वतः कळ दाबून केलेले कृत्य पुढे त्याच्याच पदरात पाप म्हणून पडते. कादंबरीचा वाचक नायकाच्या चुकीबद्दल हळहळतो. येथे हळहळण्यापूर्वी चूक आपल्याच हातून होते. या माध्यमाचे सामर्थ्य याहून कमी शब्दांत क्वचितच दाखवले गेले असेल.

डार्क ब्रदरहूडची कथा ही मालिकेतील सर्वांत गाजलेल्या संघकथांपैकी एक आहे. तिचे लेखन एमिल पॅग्लिआरुलो यांनी केले. निरपराध व्यक्तीचा खून करून झोपी गेलेल्या खेळाडूच्या उशाशी लूशियन लाशान्स येऊन उभा राहतो आणि निमंत्रण देतो. कामगिऱ्यांतील वैविध्य लक्षणीय आहे. 'हूडनिट?' या कामगिरीत बंद हवेलीतील पाच पाहुण्यांना एकेक करून संपवावयाचे असते, आणि पाहुणे मात्र आपल्यातील खुनी कोण यावरून एकमेकांवर संशय घेत राहतात. चेडिनहॉलच्या तळघरातील मारेकरी आपसांत एका कुटुंबासारखे वागतात. नवागताचे कौतुक करतात, सल्ले देतात. मग एके दिवशी आज्ञा येते की संघात फितूर आहे, कोण ते ठाऊक नाही, म्हणून या सर्वांना मारून टाक. आजवर परक्यांना मारणे हा खेळ वाटलेला असतो. या ठिकाणी हात थबकतो. पुढे आज्ञापत्रांचीच अदलाबदल होत असल्याचे आणि खेळाडू फितुराचे हत्यार बनल्याचे उघड होते. फितूर मॅथ्यू बेलामोंट याच्या आईचा खून त्याच्या लहानपणी लाशान्सने केलेला असतो, हेही कळते. सूडाचे हे कारण कळल्यावर त्याला निव्वळ खलनायक म्हणणे कठीण होते.

चोरांच्या संघाची कथा तुलनेने प्रसन्न आहे. काम करताना कोणाला ठार मारावयाचे नाही, गोरगरिबांचे चोरावयाचे नाही आणि संघबंधूंचे चोरावयाचे नाही, हे नियम आहेत; हत्या घडल्यास दंड भरावा लागतो. म्होरक्या 'ग्रे फॉक्स' ज्या मुखवट्यामुळे ओळखला जातो, त्याच मुखवट्याच्या शापामुळे त्याचे खरे नाव जगाच्या स्मृतीतून पुसले गेले आहे. तो अँव्हिलचा बेपत्ता सरदार असून त्याची पत्नीही त्याला ओळखत नाही. अखेरची मोठी चोरी राजवाड्यात होते, पण ती कोणासाठी होते हे पाहता हिची गणना प्रेमकथांत करावयास हरकत नाही. मेजेस गिल्डची प्रेतविद्या आणि मॅनिमार्को यांच्याभोवतीची कथा मात्र वळणे अपेक्षित असल्याने फिकी पडते.

स्कायरिम: सुलभता आणि तिची किंमत

'स्कायरिम'मध्ये संघांची स्थानिक रूपे आली: व्हाइटरनचे कम्पॅनियन्स, विंटरहोल्डचे विद्यापीठ, रिफ्टनच्या भुयारांतील चोर आणि फॉकरीथजवळील मारेकरी. जुन्या साम्राज्यव्यापी संस्था ओसरल्याचे चित्र येथे आहे, आणि ओसरलेपणाचा हा भाव चांगला साधला आहे. चोरांचा संघ कंगाल आहे. मारेकऱ्यांनी आपले जुने विधी सोडून दिले आहेत.

प्रवेश मात्र फार सोपा झाला. विंटरहोल्डच्या पुलावर एखादा प्राथमिक मंत्र म्हणून दाखवला की प्रवेश मिळतो. त्यानंतर मोजक्या कामगिऱ्यांत, मुख्यतः तलवारीच्या जोरावर, विद्यापीठाचे सर्वोच्च पद हाती येते. तेथे आयुष्य घालवलेले टोल्फडिर यांच्यासारखे वयोवृद्ध अध्यापक बाजूला राहतात. अध्यापनाशी संबंध आलेल्या कोणालाही हे खटकल्याशिवाय राहणार नाही.

कम्पॅनियन्सच्या कथेत पुढे जाण्यासाठी लांडगा-मानव होणे सक्तीचे आहे. वृद्ध कोडलॅक व्हाइटमेन याला मात्र याच वरदानातून सुटका हवी असते, कारण मरणोत्तर आत्मा पूर्वजांच्या लोकी न जाता हिरसीन या दैवताच्या शिकारवनात जाणार असतो. विषय गंभीर आहे. पण तोच खेळाडू पुढे चोरांच्या संघात नॉक्टर्नल देवतेला मरणोत्तर सेवेचे वचन देतो आणि मारेकऱ्यांत सिथिसचा सेवक होतो. एकाच आत्म्याचे असे तीन करार होतात, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मोरोविंडमध्ये संघांना एकमेकांची जाणीव होती. येथे प्रत्येक संघ स्वतंत्र बेटासारखा आहे.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. ग्रेलॉड नावाच्या क्रूर अनाथालय-चालिकेचा खून केल्यानंतर ॲस्ट्रिड ही मारेकऱ्यांची प्रमुख खेळाडूला पळवून एका ओसाड झोपडीत नेते आणि बांधलेल्या तिघांपैकी एकाला मारावयास सांगते. तिघांना सोडून खुद्द ॲस्ट्रिडलाच ठार केल्यास संपूर्ण संघ नष्ट करण्याची कामगिरी मिळते. तिचे पारितोषिक ३००० सुवर्णनाणी असते. उलट संघात राहून सम्राट टायटस मीड दुसरा याचा वध केल्यास २०,००० मिळतात. सदाचरणाचा मोबदला इतका तोकडा ठेवण्यात रचनाकारांचा हेतू काहीही असो, निवड खरी आहे. चोरांच्या संघाबाबत अशी निवड नाही. मेव्हन ब्लॅक-ब्रायर ही धनाढ्य स्त्री रिफ्टन नगर खिशात घालून बसली आहे हे पदोपदी दिसते. तिच्याविरुद्ध काही करण्याची सोय खेळात नाही.

स्टॉर्मक्लोक बंडखोर आणि साम्राज्याचे सैन्य यांपैकी एकाचीच बाजू घेता येते. टॅलॉस या दैवताच्या पूजेवरील बंदीतून हे युद्ध पेटले आहे. दोन्ही पक्षांना आपापले न्याय्य म्हणणे आहे. तथापि प्रत्यक्ष मोहिमा किल्ल्यामागून किल्ले घेण्यापुरत्याच उरतात.

गॉथिकशी तुलना

जर्मनीतील पिरान्हा बाइट्स या कंपनीच्या 'गॉथिक' (२००१) या खेळात याच प्रश्नाचे वेगळे उत्तर आढळते. जादुई कड्याने वेढलेल्या कारागृह-वसाहतीत जुना तळ, नवा तळ आणि दलदलीतील पंथ असे तीन गट आहेत. खेळाडूला एकाच गटात जाता येते आणि त्यावर त्याचे चिलखत व प्रशिक्षण ठरते. प्रवेशासाठी गटातील लहानमोठ्या व्यक्तींची मने जिंकावी लागतात. पुढे खाण कोसळते, जुन्या तळाचा प्रमुख गोमेझ अग्निपंथी जादूगारांची हत्या करवतो आणि ज्याने तो तळ निवडला होता त्याच्यावरही आपल्याच लोकांकडून दार बंद करून घेण्याची वेळ येते. उत्तरार्धात तिन्ही वाटा जवळजवळ एक होतात, ही मर्यादा आहे. परंतु संघप्रमुखपद मिळवल्यावरही द्वारपालाकडून उर्मट बोल ऐकावे लागणे, हा स्कायरिममधील नेहमीचा अनुभव येथे येत नाही.

नंतरचे खेळ

'द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन' (२०१४) या बहुखेळाडू खेळात थीव्ज गिल्ड आणि डार्क ब्रदरहूड यांच्या कथा २०१६ मध्ये स्वतंत्र विस्तारांच्या रूपाने आल्या. 'ऑब्लिव्हियन'ची नव्याने सजवलेली आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दृश्ये नवी आहेत, संघांची कथानके मात्र मूळचीच ठेवली आहेत. वॉटर्स एज वस्तीवर आजही गॉब्लिनच दिसतात.