अमेरिकेतले ड्रायव्हिंग लायसन्स आणि नागरिकत्वाची अट

अमेरिकेत साधे ड्रायव्हिंग लायसन्स काढायला तिथले नागरिक असावे लागत नाही. लायसन्स केंद्र सरकार देत नाही. प्रत्येक राज्याचे मोटार वाहन खाते, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘डीएमव्ही’, आपापल्या कायद्यानुसार ते देते. मात्र अर्जदाराचा देशातला मुक्काम कायदेशीर आहे का, हे बहुतेक राज्ये तपासून पाहतात.

ही तपासणी कडक झाली ती ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर. हल्लेखोरांपैकी अनेकांनी अमेरिकेतच ओळखपत्रे मिळवली होती आणि त्यांत राज्यांनी दिलेली लायसन्सही होती. त्यातून २००५मध्ये राज्यांच्या लायसन्ससाठी किमान निकष ठरवणारा ‘रिअल आयडी’ कायदा आला. अंमलबजावणी वारंवार पुढे ढकलत अखेर ७ मे २०२५पासून देशांतर्गत विमानप्रवासासाठी रिअल आयडी लायसन्स, पासपोर्ट किंवा तत्सम ओळखपत्र मागणे सुरू झाले. रिअल आयडीसाठीही नागरिकत्वाची अट नाही. ग्रीनकार्डधारकाला ते मिळते, तसे व्हिसावर राहणाऱ्यालाही मिळते. व्हिसावाल्याचे लायसन्स मात्र मुक्कामाची मुदत संपेल त्या दिवशी संपते. मुक्कामाला ठरावीक तारीखच नसेल, तर ते एका वर्षापुरते असते.

पुण्यामुंबईहून एच-१बी व्हिसावर गेलेल्या कुटुंबांना हा नियम चांगलाच जाणवतो. डीएमव्हीच्या खिडकीवर पासपोर्ट, देशात प्रवेशाची आय-९४ नोंद, व्हिसा मंजुरीचे आय-७९७ पत्र आणि पत्त्याचे पुरावे द्यावे लागतात. कर्मचारी ‘सेव्ह’ या संगणकीय यंत्रणेतून केंद्राच्या इमिग्रेशन नोंदींशी ते पडताळतो. एच-४ व्हिसावरच्या जोडीदाराला कामाचा परवाना नसेल, तर सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. मग तो मिळू शकत नसल्याचे सोशल सिक्युरिटी कार्यालयाचे पत्र जोडावे लागते. खरी अडचण व्हिसाच्या मुदतवाढीच्या वेळी येते. अर्ज वेळेत केलेला असेल, तर निकाल येईपर्यंत जास्तीत जास्त २४० दिवस नोकरी चालू ठेवता येते, पण लायसन्सवर जुनीच तारीख असते. काही राज्ये अर्जाच्या पावतीवर थोडी मुदत वाढवून देतात, काही देत नाहीत. बस-रेल्वे नसलेल्या उपनगरात अशा वेळी कामावर जायचे कसे, हा प्रश्न उभा राहतो. दोष अर्जदाराचा नसताना त्याला हा त्रास व्हावा, हे अन्यायाचेच आहे.

ज्यांच्याकडे कागदपत्रेच नाहीत, त्यांच्याबाबत राज्याराज्यांत टोकाचा फरक आहे. कॅलिफोर्नियाने २०१३मध्ये कायदा केला आणि जानेवारी २०१५पासून अशा रहिवाशांनाही लायसन्स द्यायला सुरुवात केली. न्यूयॉर्कने २०१९मध्ये तसाच कायदा केला. अशा लायसन्सवर गाडी चालवता येते, पण केंद्राच्या कामांसाठी ते ओळखपत्र म्हणून चालत नाही. उलट फ्लोरिडाने २०२३मध्ये इतर राज्यांची अशी लायसन्स आपल्या हद्दीत अमान्य ठरवली. बेकायदा राहणाऱ्याला सवलत का, हा विरोधकांचा सवाल आहे. पण ही माणसे रोज गाडी घेऊन कामावर जातातच. त्यांनी परीक्षा दिलेली असावी आणि गाडीचा विमा असावा, यात रस्त्यावरच्या प्रत्येकाचेच हित आहे.

नागरिकत्व खरोखर सक्तीचे आहे ते एका वेगळ्याच प्रकारासाठी. मिशिगन, मिनेसोटा, न्यूयॉर्क, व्हरमाँट आणि वॉशिंग्टन ही राज्ये ‘एनहान्स्ड’ लायसन्स देतात. ते दाखवून रस्त्याने किंवा समुद्रमार्गे कॅनडा-मेक्सिकोतून परत येता येते. सीमेवर ते पासपोर्टचे काम करते, म्हणून फक्त अमेरिकी नागरिकांनाच मिळते.

बाकी लायसन्स हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. तरीही डीएमव्हीच्या अर्जात नागरिकत्वाचा प्रश्न भेटतोच, कारण १९९३च्या कायद्याने बहुतेक राज्यांत लायसन्सच्या अर्जासोबतच मतदार नोंदणीची सोय ठेवली आहे. रांगेत उभे राहून घाईघाईने फॉर्म भरताना ‘मी नागरिक आहे’ या चौकटीत चुकून खूण केली, तर ती नागरिकत्वाचा खोटा दावा ठरू शकते. त्यापायी ग्रीनकार्ड अडते, देशाबाहेर काढण्याची कारवाईही होऊ शकते. म्हणून नागरिक नसलेल्याने तो भाग नीट वाचून नकार नोंदवावा आणि भरलेल्या अर्जाची प्रत जपून ठेवावी.